वॉर्डात 'लीडरशिप' हा शब्द काढूच नकोस

पत्र :

"बाई, नमस्कार. मी बेळगावातल्या एका खासगी हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डाची इंचार्ज सिस्टर आहे. तीस बेड. वय ४१, माहेर निपाणीचं, राहायला वडगावात. दोन वर्षांमागं पार्टटाइम पीएचडीला नाव घातलं. विषय 'ट्रान्सफॉर्मेशनल लीडरशिप आणि नर्सिंग सेवेचा दर्जा'. कोर्सवर्क झालं, सिनॉप्सिसही (संशोधनाचा आराखडा) पास झाली. गाईड म्हणतात, वाचलेलं आपल्याच वॉर्डात लावून बघा, डेटाही तिथलाच घ्या, म्हणजे काम लवकर उरकेल. म्हणून मी सगळ्या स्टाफची मीटिंग घेतली, पीपीटी दाखवली, ड्युटी रूमच्या भिंतीवर 'आपलं व्हिजन' असा चार्ट लावला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या माघारी मला 'पीएचडी मेडम' म्हणायला लागल्या. बैलहोंगलकडच्या एक अक्का आहेत, बावीस वर्षं सर्व्हिस झालेल्या. त्या तर तोंडावर म्हणाल्या, 'मेडम, चार्ट छलो ऐति (छान आहे). नाईटला तिसरी सिस्टर कधी देताय?' मग नेतृत्व मोजायची ती ४५ प्रश्नांची तयार प्रश्नावली वाटली. सगळ्यांनी खालपासून वरपर्यंत 'नेहमी, नेहमी' अशा खुणा करून परत दिली. म्हणजे मी आदर्श इंचार्ज! घरी येऊन रडले. मिस्टर म्हणतात, सोडून दे. बाई, सिद्धांत खोटा आहे की मीच कमी पडते?"

उत्तर :

वयानं माझ्या थोरल्या मुलीएवढी आहेस, म्हणून एकेरीवर येते. राग मानू नकोस.

आधी त्या 'नेहमी, नेहमी'बद्दल बोलू. तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे आणि तू ती रडून बाजूला सारलीस. ड्युटीचा तक्ता कोण लावतं? तू. ऑफ कुणाला, सलग नाईट कुणाला, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला सुट्टी कुणाची मंजूर, मेट्रननी विचारलं तर कुणाबद्दल चांगला शब्द टाकायचा, हे सगळं तुझ्या हातात. त्याच हातानं तू कागद पुढं केलास आणि म्हणालीस, मी कशी आहे ते मोकळेपणानं सांगा. कोण सांगेल? नाव लिहू नका म्हटलं असशील, पण एका वॉर्डातल्या बारा-चौदा जणींची टिकमार्क करायची तऱ्हासुद्धा इंचार्जला पाठ असते, हे त्यांना ठाऊक आहे. त्या कागदांवर तुझी खुर्ची उमटली आहे. तुझा स्वभाव, तुझं काम यातलं काही नाही.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची संशोधनाच्या नीतीची मार्गदर्शक तत्त्वं तू कोर्सवर्कला वाचली असणार, परीक्षेपुरती तरी. त्यात ज्यांच्यावर सहज दबाव येऊ शकतो अशांच्या यादीत नोकरदार, विद्यार्थी, हाताखालची माणसं, आरोग्य कर्मचारी हे सगळे आहेत. तुझ्या अक्का त्या यादीत तीनदा बसतात. तेव्हा भरून आलेले ते कागद प्रबंधात वापरू नकोस. एथिक्स कमिटीची मंजुरी हातात येण्याआधी वाटले असशील, तर मग प्रश्नच मिटला. तुझ्या वॉर्डाऐवजी दुसऱ्या हॉस्पिटलांतले वॉर्ड घे, आणि तिथंही कागद वाटायला आणि गोळा करायला तिऱ्हाईत माणूस ठेव. बंद पाकिटात, तू खोलीच्या बाहेर. गाईडना हे कसं सांगायचं याची भीती वाटत असेल. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणं दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीपुढं उभं राहावंच लागतं. पुढच्या वेळी हा मुद्दा तूच मांड. 'डेटा बदलायचा आहे' असं रडक्या तोंडानं सांगू नकोस. 'प्राथमिक चाचणीत सगळी उत्तरं एकाच टोकाला गेली, कारण विचारणारी मीच होते' असं सांग. समितीतल्या जाणत्या माणसाला ते लगेच कळतं. गाईडचं म्हणणं मोडल्यासारखंही होत नाही.

त्या प्रश्नावलीबद्दल अजून थोडं. ती विकतची असते, तिचा परवाना घ्यावा लागतो आणि भाषांतराचीही परवानगी लागते. मी स्वतः पीएचडी केली नाही, एम.एस्सी.वर थांबले, पण मुलींचे प्रबंध पुष्कळ वाचलेत. झेरॉक्स मारून वापरलेली प्रश्नावली व्हायव्हाला कशी अंगाशी येते, तेही पाहिलंय. आणि भाषांतर म्हणशील तर पहिलाच शब्द दगा देतो. 'लीडर'ला मराठीत काय म्हणशील? नेता? पुढारी? निपाणीत पुढारी म्हटलं की डोळ्यांपुढं पांढरा खादीचा शर्ट येतो. कन्नडात 'नायकत्व' म्हणावं, तर मराठी बाईला सिनेमातला नायक आठवतो. तुझ्या वॉर्डातल्या मुली हसल्या असतील त्यातलं निम्मं हसू या शब्दाचं असेल.

गंमत अशी की त्यांचं हसणं अगदीच चुकीचं नव्हतं. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स या अमेरिकन अभ्यासकानं १९७८ साली हा विचार मांडला, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं खरोखरच राजकारणातले पुढारी होते. देवघेवीवर चालणारं पुढारीपण एक, आणि माणसं आतून बदलणारं, म्हणजे तुझं ट्रान्सफॉर्मेशनल, दुसरं, अशी त्यानं विभागणी केली. बर्नार्ड बास या मानसशास्त्रज्ञानं १९८५ मध्ये ते कारखाने, फौज, कंपन्या यांच्याकडं वळवलं, मोजता येईल असं केलं, आणि तिथून ते नर्सिंगच्या पुस्तकांत आलं. म्हणून विचारतेस ना सिद्धांत खोटा आहे का, तर खोटा नाही. पण हाताखालच्यांना वरचा माणूस कसा वाटतो, एवढंच त्यात मोजलं जातं. सहा वाजताचं अँटिबायोटिक सहाला गेलं की साडेसातला, हे त्याला माहीत नसतं. तुला माहीत असतं.

आता अक्का.

तू त्यांचं वाक्य टोमणा म्हणून लिहिलंयस. मला तो सरळ प्रश्न वाटला, आणि रास्त वाटला. मेडिकल वॉर्डात रात्री दोनच सिस्टर. एक पेशंट बिघडला की दोघी त्याच्यापाशी, आणि बाकीचे एकोणतीस देवाच्या भरवशावर. लिंडा एकन आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास २००२ मध्ये छापला. त्यात ऑपरेशनच्या पेशंटांपुरतं असं दिसलं की एका नर्समागं एक पेशंट वाढला, की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. तुझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात हा अभ्यास असेलच. अक्कांनी तो वाचलेला नाही, त्यांनी तो बावीस वर्षं पायांनी चालून काढलाय. त्यांच्यापुढं तू 'व्हिजन'चा चार्ट लावलास.

नेतृत्वाच्या थिअरीबद्दल माझं एक जुनं भांडण आहे, ते इथंच सांगून टाकते. माणसं कमी पडली की मॅनेजमेंटला ट्रेनिंगची आठवण होते. पंख्याखाली बसवून दोन तास 'टीम स्पिरिट' शिकवायला खर्च कमी येतो. तिसऱ्या सिस्टरचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. तू नकळत त्या बाजूला जाऊन उभी राहिलीस, असं अक्कांना वाटलं असणार.

म्हणून पहिलं काम हे कर. एक शंभर पानी वही घे आणि पंधरा रात्रींचा हिशेब ठेव. रात्री आठला किती पेशंट होते, दहानंतर किती ॲडमिशन आली, ऑक्सिजनवर किती, दोन्ही सिस्टर एकाच बेडपाशी अडकल्या असं किती वेळा झालं आणि किती मिनिटं. वही अक्कांच्याच हातात दे, रकाने त्यांनाच आखू दे. मग ते आकडे घेऊन मेट्रनकडं जा. लेखी अर्ज, एक पान. तिसरी सिस्टर मिळेलच असं मी म्हणत नाही, बहुतेक नाहीच मिळणार. कदाचित आठ ते बारा कुणीतरी फ्लोटिंग, म्हणजे गरजेप्रमाणं वॉर्ड बदलणारी, मिळेल. पण परत येऊन काय उत्तर मिळालं ते वॉर्डात जसंच्या तसं सांग. 'नाही म्हणाल्या' हेसुद्धा सांग.

माझ्या स्वतःच्या फजितीचं सांगते. मी इंचार्ज झाले त्या वर्षी एका आठवड्याचं मॅनेजमेंटचं ट्रेनिंग करून आले आणि वॉर्डात सूचनापेटी लावली. पत्र्याची, हिरवा रंग, वर कुलूप. महिन्यानं उघडली तर आत तीन चिठ्ठ्या. एकीत लिहिलं होतं, ड्युटी रूमचा पंखा. बाकी दोन्हींतही तेच. मी त्या पंख्यामागं दीड महिना लागले. इलेक्ट्रिशियनकडं, स्टोअरकडं, शेवटी सुपरिंटेंडंटच्या दारात. पंखा फिरला. पेटीत नंतरही चिठ्ठ्या काही आल्या नाहीत, पण मुली येऊन तोंडानं सांगायला लागल्या. पेटीत पुढं कुणीतरी सेफ्टी पिना ठेवायला लागलं.

तू वाचलेल्यांपैकी जॉन कॉटरच्या, बदल घडवायच्या, आठ पायऱ्या आठव. व्हिजन तिथं तिसऱ्या पायरीवर आहे. त्याआधी बदलाची निकड माणसांना जाणवायला हवी, मग बरोबर येणारी चार माणसं जमवायला हवीत. तू खालच्या दोन पायऱ्या सोडून तिसरीवर उडी मारलीस, आणि तीही पीपीटीसकट. हर्सी आणि ब्लँचर्ड हे व्यवस्थापनाचे अभ्यासक १९६९ पासून सांगत आलेत की नवशिक्या माणसाला हात धरून दाखवावं लागतं आणि मुरलेल्या माणसाचा हात मोकळा सोडावा लागतो. गेल्या जूनमध्ये जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन आलेली पोरगी आणि अक्का, दोघींना तू एकाच खोलीत एकच स्लाईड दाखवलीस. पोरीला ती कळली नाही, अक्कांना ती लागली.

दुसरं काम मला जास्त आवडीचं आहे. ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना एकीनं दुसरीला पेशंटची माहिती सोपवणं.

सकाळी पावणेआठचं चित्र डोळ्यांपुढं आण. नाईटच्या दोघी थकलेल्या, एकीला गोकाकची बस गाठायचीय. डेच्या सिस्टर केस फिरवत उभ्या. रिपोर्ट बुक इंग्रजीत, बोलणं कन्नडात, बेडवरचा माणूस चंदगडचा किंवा खानापूरच्या जंगलपट्टीतला, त्याची मराठी आणि तीही तिकडची. हाऊसमन, म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर, परगावचा, त्याला हिंदी. आणि ओव्हर काय मिळतं? 'बेड नंबर सात, एल्ला छलो ऐति (सगळं ठीक आहे).' पुढचा बेड.

मी स्टाफ नर्स होते तेव्हाची गोष्ट. हॉस्पिटल कुठलं ते राहू दे. चंदगडकडचे एक आजोबा, शुगरचे पेशंट. पहाटे पाचला नाईटच्या सिस्टरला म्हणाले, 'बाई, जीव घाबराघुबरा होतोय.' सिस्टर बागलकोटकडची, नवीन. कन्नडात 'गाबरी' म्हणजे भीती, धास्ती. तिनं मायेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, भिऊ नका म्हणाली, मुलाला शेजारी बसवलं, आणि बुकात इंग्रजीत लिहिलं की पेशंट रात्री घाबरला होता, धीर दिला. सकाळी ओव्हर देताना मलाही तेच सांगितलं. मी 'बरं' म्हटलं. मी, जिची मातृभाषा मराठी! आजोबांचा शब्द माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता, पोचलं होतं ते त्याचं भाषांतर. लादी पुसणाऱ्या मावशी खानापूरच्या. त्यांनी बादली खाली ठेवली आणि मला हाक मारली, 'सिस्टर, म्हाताऱ्याला दरदरून घाम सुटलाय बघा की.' शुगर ४६ निघाली. ग्लुकोज चढवल्यावर पाऊण तासात आजोबा चहा मागायला लागले, तोही साखरेचा.

त्या पोरीचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

ओव्हरसाठी जगभर चार खणांची एक पद्धत वापरतात, एसबीएआर. अमेरिकेच्या नौदलातल्या अणुपाणबुड्यांवरून ती आली आणि कैसर पर्मनंटे या तिथल्या आरोग्यसंस्थेनं ती दवाखान्यात रुजवली. आत्ता काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, काय करायला हवं. पाठ्यपुस्तकात आहे, तुझ्या हॉस्पिटलात कुठंतरी लॅमिनेट करून लावलेलीही असेल. तू तिला पाचवा खण जोड : पेशंट स्वतःच्या तोंडानं काय म्हणाला. त्याच्याच शब्दांत, मराठी तर मराठी, कन्नड तर कन्नड, लिपी जी येत असेल ती. अर्थ लावायचा नाही, ऐकलं तसं लिहायचं. सगळ्या तीस बेडना नको, रात्री ज्यांनी काही तक्रार सांगितली तेवढ्यांनाच. आणि बेडपाशी उभं राहून ओव्हर होताना मावशींनाही पाच मिनिटं उभं कर. मावशी आणि मामा हीच आपल्याकडची दुभाषी मंडळी आहेत, पगाराशिवायची. एखादा आजार चारचौघांत बोलण्यासारखा नसेल तर तिथं मात्र मावशींना पुढं पाठव, एवढं भान ठेव.

इथं एक धोका आहे आणि तो आपल्या भागाचा खास आहे. तू मराठी, अक्का कन्नड. इंचार्जनं उठून 'पेशंटची मराठी नीट लिहा' असं म्हटलं की दुपारपर्यंत त्याचा सीमाप्रश्न होतो. तो १९५६ पासून भिजत पडलाय, सुप्रीम कोर्टातही २००४ पासून आहे, तुझ्या ड्युटी रूममध्ये त्याला बोलवू नकोस. उदाहरण द्यायचं तर आपल्या बाजूच्या चुकीचं दे. कन्नड पेशंट म्हणतो 'सुस्तु', म्हणजे थकवा आलाय, अंगात ताकद नाही. मराठी सिस्टर ऐकते 'सुस्त', आणि बुकात लिहिते की पेशंट गुंगीत आहे. डॉक्टर धावत येऊन बॅटरीनं बाहुल्या बघतो, पेशंट बिचारा विचारतो काय झालं. अशी चूक तुझ्या हातून कधीतरी झालीच असेल. ती मीटिंगमध्ये, हसत, आधी तू सांग. मग अक्का स्वतःहून दोन सांगतील. त्यांच्याकडं बावीस वर्षांचा साठा आहे. अशा शब्दांचा एक कागद त्यांनाच करायला सांग : आपल्या वॉर्डात दोन भाषांत अडकणारे शब्द. हा कागद जगात दुसऱ्या कुठल्या वॉर्डात नसेल.

फरक पडतोय की नाही हे कसं कळणार? एक साधं माप सांगते, कुठल्या पुस्तकात मिळायचं नाही. नाईट उरकून घरी जाऊन झोपलेल्या सिस्टरला डेच्या सिस्टरनं 'अगं, ते सात नंबरचं काय होतं?' म्हणून आठवड्यात किती फोन केले, ते मोज. ओव्हर सुधारलं की ते फोन कमी होतात. नाईटच्या बायकांना याचं मोल तुला सांगायला नको.

मात्र दुसरा एक आकडा वाढेल, त्याची तयारी ठेव. हार्वर्डच्या एमी एडमंडसननं नव्वदच्या दशकात हॉस्पिटलांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. तिला वाटलं होतं, चांगल्या टीमकडून चुका कमी होतील. निघालं उलटं. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या, आणि त्याचं कारण तिथली माणसं चूक सांगायला भीत नव्हती. तुझ्या वॉर्डात लोक बोलायला लागले की महिनाअखेरच्या रिपोर्टमध्ये चुकलेले डोस, पडलेले पेशंट, उशिराची इंजेक्शनं यांचे आकडे चढतील आणि वरून विचारणा येईल. सुरू करण्याआधीच मेट्रनना जाऊन हे सांगून ठेव. नाहीतर पहिल्याच महिन्यात तू कुणावर तरी ओरडशील आणि पुन्हा 'नेहमी, नेहमी' सुरू होईल.

हे सगळं प्रबंधात घालू का, असं विचारशील. घाई करू नकोस. वॉर्ड सुधारणं हे इंचार्जचं काम आणि ज्ञानात भर घालणं हे पीएचडीचं, दोन्हींच्या वह्या वेगळ्या ठेव. रोज अर्धं पान लिही, तारीख घालून : आज काय केलं, कुणी काय म्हटलं, मला काय वाटलं, कुठला सिद्धांत आठवला, कुठला मुळीच उपयोगी पडला नाही. नाईटच्या दिवशी चार ओळी झाल्या तरी चालतील. पुढं ओव्हरवरच अभ्यास करावासा वाटला, तर समितीपुढं शीर्षकात बदल माग, एथिक्सची मंजुरी नव्यानं घे, आणि मग दुसऱ्या वॉर्डांत कर. दोन भाषांच्या वॉर्डातला ओव्हर हा विषय बेळगावच्या बाईनं केला तर शोभेल. 'लीडरशिप आणि दर्जा' कुणीही करील.

वेळेचं म्हणशील तर तू उगाच घाबरलीयस. २०२२ च्या नियमांत कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत, पुनर्नोंदणीनं दोन वाढतात, बाईला आणखी दोन, एकूण दहापर्यंत. तुझी दोनच झालीत. पार्टटाइमला मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात ड्युटी सांभाळून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो असं त्यांनीच लिहून दिलेलं असतं. ते पत्र फाईलमधून काढून एकदा वाच. महिन्यातून दोन शनिवार मागायला तोच आधार आहे. संशोधनाला पुरेसा वेळ म्हणजे दोन नाईटच्या मधला ऑफ नव्हे.

मिस्टर म्हणतात सोड. त्यांना विचार, पीएचडी सोड म्हणताय की रडणं. बहुतेक दुसरंच असेल.

आणि तू कमी पडतेस का, हेही विचारलंयस. मीटिंग घेताना पडलीस. पण 'नेहमी, नेहमी' बघून जिला रडू आलं तिला त्यातलं खोटं कळलं होतं. मी असे प्रबंध वाचलेत ज्यांत त्याच उत्तरांची सरासरी काढून छान रंगीत आलेख छापलेत.

भिंतीवरचा तो चार्ट काढ. सगळ्यांसमोर नको, एखाद्या रविवारी दुपारी, वॉर्ड शांत असताना. चिकटपट्टीनं भिंतीचा रंग निघाला असेल तर तिथं अक्कांचा शब्दांचा कागद बसेल, आणि बसला तर मला त्याचा फोटो पाठव. कन्नड शब्द बरोबर लिहिलेत का ते आधी मावशींना वाचून दाखव. तुझं कन्नड माझ्यासारखंच असणार, बाजारापुरतं.